रजईबाहेरचा पाय

ग्वाल्हेरची जानेवारी, रात्री तीन अंश.
धुकं इतकं की समोरच्या खांबावरचा दिवा
ताकात तरंगणारा लोण्याचा गोळा.
आणि मी पावणेतीनला उठून
खिडकी सताड उघडते.

"अगं, मारतेस का!" रजईच्या आतून श्रीरंग.
मारत नाहीये. पेटलेय.
छातीपासून सुरू होतं, गळ्यावर चढतं,
कानांच्या पाळ्यांशी जरा घुटमळतं
आणि कपाळावर फुटतं घाम होऊन.
चार मिनिटं. कधी साडेतीन.
मोजायची सवयच आहे,
सव्वीस वर्षं कंपूतल्या लॅबमध्ये
लोकांचं रक्त मोजतेय.

दंडाला रबर, मुट्ठी बंद कीजिए, हो गया, बस.
किती नळ्यांवर नावं लिहिली असतील:
कुशवाह, तोमर, शिंत्रे, भदौरिया,
वय अठ्ठेचाळीस, वय एक्कावन्न.
आकडा छापायचा, लिफाफ्यात घालायचा,
काउंटरवरून सरकवायचा.
आकड्याला घाम येतो, झोप येत नाही,
हे कुठे माहीत होतं.

परवा स्वतःची नळी स्वतःच यंत्रात लावली.
एफएसएच अडुसष्ट पूर्णांक चार.
विश्वास नाही म्हणून पुन्हा लावली.
अडुसष्ट पूर्णांक एक.
म्हणजे मेंदू वरून हाका मारतोय, घसा फोडून,
आणि खाली बीजकोशांनी दुकान बंद करून
किल्ली शेजारीसुद्धा ठेवलेली नाही.

हाडंही बघून घ्या, म्हणाल्या डॉक्टरीणबाई.
बघितली. थोडी विरळ आहेत म्हणे.
मी म्हटलं, मुरैन्याची गजक!
दोघी हसलो.
मग उतरताना जिन्याचा कठडा धरला,
पहिल्यांदाच.

आई आठवली.
नव्वद साल असेल, दौलतगंजातल्या दोन खोल्या.
मी बारावीत, रात्री पाणी प्यायला उठले
तर ती मोरीच्या फरशीवर, अनवाणी,
पाठ भिंतीला, ब्लाउजची वरची दोन बटणं सोडून.
काय झालं?
काही नाही, झोप तू.
दिवसा कढई-झाऱ्याचा आवाज वाढला होता.
काका म्हणत, वहिनींचं डोकं तापलंय हल्ली.
अण्णांनी रामरक्षा सुचवली.
मावशीने दृष्ट काढली, मिरच्या तडतडल्या नाहीत
म्हणून तिची खात्रीच पटली.
आणि मी म्हणाले होते,
तुझ्याशी बोलण्यात काही अर्थच नाही.

तिचा आकडा कुणी काढला नाही.
माझ्या हातात सुई आली तोवर
तिचं मनगट मोडून, जुळून,
वाकडं राहिलं होतं.
त्याच हाताने ती मला ताट वाढायची.

काल एक बाई आली. शाल काढून मांडीवर घेतलेली,
डॉक्टरच्या चिठ्ठीनेच वारा घेत होती.
बाकी सगळे हीटरला चिकटलेले.
मी तिचा स्टूल दाराकडे ओढला.
कधीपासून, विचारलं.
ती इकडेतिकडे बघून म्हणाली,
दिवाळी के बाद से. पागल हो रही हूँ क्या?
नाही हो, म्हटलं. मराठीतच निघालं तोंडून.
तिला कळलं असावं.

श्रीरंगचंही काहीतरी ओसरतंय.
एजी ऑफिसात ज्याचा आवाज जिन्यापर्यंत जायचा
तो मुलीचा फोन ठेवला की चष्मा पुसत बसतो,
नऊला सोफ्यावर पेंगतो.
आमचं दार धाडकन लागतं,
पुरुषांचं नुसतं लोटलेलं राहतं, वर्षानुवर्षं किलकिलं.
तपासून घे म्हटलं
की पेपर तोंडासमोर धरतो. उलटा असला तरी.

रात्री मात्र हल्ली कानटोपी घालून झोपतो.
माझा पाय रजईबाहेर असतो, बर्फाचा,
तो आत ओढायला जात नाही.
काल पावणेतीनला, डोळे मिटलेलेच, म्हणाला:
उघडायची तर पूर्ण उघड.
अर्धवट ठेवलीस की वारा
नेमका मानेवर येतो.